पिवळ्या गाडीच्या चार वायरी

मी ज्यांच्याकडे पोळ्या आणि केरफरशी करते, त्या काकांकडे एक पिवळी गाडी आहे. दोनच माणसं बसतील एवढी, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी, वर कापडाचं छप्पर. काका सांगतात की ती स्पोर्ट्स कार आहे, विलायतेतून आलेली, आणि वयाने त्यांच्या मुलीपेक्षा मोठी. मुलुंडच्या त्या सोसायटीत खाली पार्किंगमध्ये सगळ्या पांढऱ्या-करड्या उंच गाड्या उभ्या असतात. त्यांच्यामध्ये ही श्रीखंडाच्या वाटीसारखी दिसते.

काका बहात्तर वर्षांचे आहेत, बँकेतून रिटायर झालेले. गाडी बाहेरून मी पुसायची आणि बॉनेटच्या आतलं काम काका आणि त्यांचे मिस्त्री बघायचे, अशी वाटणी होती. मिस्त्री म्हणजे काकांचे लहानपणचे मित्र. त्यांचं घाटकोपरला गॅरेज आहे. दहा वर्षं मी बॉनेटच्या आत बोटसुद्धा घातलं नाही. यंदा दसऱ्याच्या आदल्या दिवशी घातलं.

त्या दिवशी काकूंनी घरातलं झाडून सगळं काढलं होतं. मिक्सर, शिवणाचं मशीन, काकांचे पाने, पक्कड, विळी, सगळं धुऊन पुसून दुसऱ्या दिवशीच्या पूजेला मांडायचं होतं. मग मला म्हणाल्या, "खाली गाडीला पण एक हात मार गं, उद्या हार घालायचाय." मी बादली घेऊन खाली गेले तर बॉनेट उघडंच. काका ऑइल बघता बघता झेंडू आणायचा राहिला म्हणून बाजारात गेले होते.

मी आत वाकून बघितलं. बाहेरून गाडी आरशासारखी आणि आत चुलीमागच्या भिंतीसारखं काळं. उद्या पूजा आणि आत हे! मला राहवलं नाही. ओलं फडकं, साबणाची पूड आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन मी लागले कामाला. पाणी ओतलं नाही, एवढी अक्कल होती. जिथे हात पोचला तिथे लखलखीत केलं.

इंजिनाच्या एका बाजूला काळी टोपी होती, खेळातल्या भोवऱ्याएवढी. तिच्यातून पाच जाड वायरी निघाल्या होत्या. एक मधोमध आणि चार भोवतीने. त्या चार वायरी इंजिनावर जाताना एकमेकींना ओलांडून गेल्या होत्या, कपड्यांच्या दोरीला गाठ पडावी तशा. मला गुंता बघवत नाही. मी चारही वायरी टोपीतून उपटल्या, टोपी पुसली, वायरी पुसल्या, कोरड्या केल्या. परत लावताना सरळ लावल्या. पहिली पहिल्या भोकात, दुसरी तिच्या शेजारच्या, मग तिसरी, मग चौथी. पंगतीत वाढतात तशा ओळीने. एकही दुसरीवरून गेली नाही. मला फार बरं वाटलं.

काका आले, हातात झेंडूची पिशवी. आत बघून थांबलेच.

"अरे वा! चकाचक! पाणी नाही ना मारलंस?"

मी मान हलवली, नाही म्हणून.

"नुसतं पुसलंस ना?"

मी मान हलवली, हो म्हणून. तेव्हा बोलायला हवं होतं. पण मला बोलायचं म्हटलं की आधी मनात वाक्य जुळवावं लागतं, आणि ते जुळेपर्यंत काकांनी बॉनेट बंद केलं होतं.

दसऱ्याला सकाळी पूजा झाली. दरवर्षी पूजेनंतर काका काकूंना शेजारी बसवून बिल्डिंगला एक फेरी मारतात आणि लोक गॅलरीतून बघतात. त्या दिवशीही मंडळी जमली होती. सोसायटीचे सेक्रेटरी आपट्याची पानं वाटत होते. ते चाळिशीचे आहेत, कॉम्प्युटरच्या कंपनीत आहेत, बोलायला मऊ, पण नियम म्हणजे नियम. काकू नवी साडी सावरत आत बसल्या. काकांनी किल्ली फिरवली.

खर्र, खर्र, खर्र. मग मागून एकदम फट्!

धुराचा एक पुंजका निघाला आणि गाडी गप्प. पोरं टाळ्या वाजवून नाचायला लागली. "काका, अजून एकदा, अजून एकदा फट् करा ना!"

काकांनी अजून दहादा केलं. कधी फट्, कधी नुसतं खाकरणं. शेवटी खर्र खर्रसुद्धा दमलं. काकू हार सांभाळत उतरल्या आणि म्हणाल्या, "चला, सोनं वर घरातच लुटू या."

सगळे पांगल्यावर सेक्रेटरी जवळ आले. "काका, राग मानू नका. पण ती नोटीस बघितलीत ना बोर्डावरची?"

नोटीस महिनाभर लागलेली होती. पार्किंगला रंग द्यायचा होता, नवे नंबर टाकायचे होते. त्याआधी सगळ्या बंद पडलेल्या गाड्या सोसायटीबाहेर न्यायच्या, असं मीटिंगमध्ये ठरलं होतं.

"ती बंद गाड्यांसाठी आहे," काका म्हणाले. "ही चालते."

"मग चालवा ना. आम्हाला काय, आम्हाला आवडतेच ती. रविवारी अकरा वाजता कमिटी खाली फिरणार आहे. तोवर चालू झाली तर झकास. नाही झाली तर मला सगळ्यांना सारखाच नियम लावावा लागेल, नाहीतर बी विंगवाले मला सोडणार नाहीत."

तो गुरुवार होता. पोळ्या लाटताना काकूंनी मला हळू आवाजात सांगितलं, "ठेवणार कुठे गं बाहेर? वर कापडाचं छप्पर. उघड्यावर ठेवून कुजवण्यापेक्षा देऊन टाकतो म्हणतात. आणि घेणार कोण? कुर्ल्याचा भंगारवाला. तो घेऊन जाईल आणि सुटे भाग करून विकेल." काकू एरवी त्या गाडीला नावं ठेवतात. त्या दिवशी ठेवली नाहीत.

तेव्हाही माझ्या डोक्यात वायरी आल्या नाहीत, खरंच. मी सगळ्या परत लावल्या होत्या. एकही उरली नव्हती.

शुक्रवारी सकाळी मी गेले तर काका खालीच होते. मला बघून म्हणाले, "तू बॅटरी धर. मिस्त्री गावाला जाऊन बसलाय दसऱ्याला. मंगळवारी येणार. आपल्यालाच करायचंय."

मला वाटलं कणीक मळायची आहे हे सांगावं. वाक्य जुळेपर्यंत बॅटरी हातात आली होती.

काकांनी तिथून मिस्त्रींना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. मिस्त्री मालवणकडचे. त्यांच्या घरी फोन लागत नाही, म्हणून ते देवळाच्या वरच्या सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या उघड्या कातळावर, चढून बोलत होते. वाऱ्याचा आवाज येत होता.

"काय रे मेल्या, काय करून ठेवलंस गाडयेक?"

"मी काही नाही केलं. सेल्फ मारतो, फिरते, पण पेटत नाही. मध्येच फट् करते."

"पेट्रोल येता काय?"

काकांनी एक नळी काढली, मला सेल्फ मारायला सांगितलं. मी गाडीच्या कडेवर बसून, पाय बाहेरच ठेवून किल्ली फिरवली. पेट्रोल आलं.

"येतंय!"

"करंट?"

काकांनी एक प्लग पान्याने काढला, वायरीला लावून इंजिनाला टेकवला. "फिरव!" मी फिरवली. टिक टिक करत निळा ठिपका उडायला लागला, आणि लगेच काका "आई गं!" म्हणून दोन पावलं मागे गेले.

"काय झाला?"

"आहे करंट. मला बसला."

"मगे बरा झाला," मिस्त्री म्हणाले, आणि तिकडे एकटेच हसत बसले. मला पण हसू आलं, मी पदर तोंडाला लावला.

मग मिस्त्री म्हणाले, "पाणी मारलंस काय इंजिनावर?"

"छे. हिने पुसलंय, पण फडक्याने. दमट असेल म्हणतोस?"

"सुकय बघूया. आणि वायरींक कोणी हात लावल्यान काय?"

"नाही रे," काका म्हणाले. "वायरी आपणच बसवल्यात ना, गेल्या वर्षी. हात कोण लावतंय?"

 काका म्हणाले, "इकडे धर, टोपीवर." मी टोपीवर धरली. चार वायरी ओळीने, छान, सरळ.  मनात म्हटलं, सगळ्या लावल्यात की. एखादी राहिली असती तर गोष्ट वेगळी. भांडी घासून फडताळात इकडची तिकडे ठेवली म्हणून काय आमटी शिजत नाही?

काका वर जाऊन काकूंचं केस वाळवायचं मशीन घेऊन आले. वॉचमनच्या खोलीतून वायर ओढली आणि टोपीला अर्धा तास गरम हवा दिली. मग चार प्लग काढले. ते पेट्रोलने ओले झाले होते. काका ते पुसून वर घेऊन आले आणि माझ्या पोळ्यांच्या तव्यावर ठेवले.

"अहो! त्याच्यावर पोळ्या होतात!" काकू ओरडल्या.

"प्लग तव्यावरच सुकवतात. मिस्त्री पण तसंच करतो."

"मिस्त्रीच्या बायकोला विचारलंत का, ती पोळ्या कशावर करते ते?"

चार प्लग तव्यावर तडतडत होते आणि पेट्रोलचा वास देवघरापर्यंत गेला होता. काकूंनी सगळ्या खिडक्या उघडल्या. मी दुसरा तवा काढला. खरं सांगायचं तर त्या घरात एवढी मजा बऱ्याच दिवसांत आली नव्हती. पण प्लग लावून, टोपी सुकवून, नवं पेट्रोल घालूनसुद्धा गाडीने फट्च केलं.

दुपारी मिस्त्री परत सड्यावर चढले. "मगे टायमिंग सरकला असतला. टोपीखालचो नट ढिलो कर आणि तो डिस्ट्रिब्युटर वायच फिरव. फिरवत फिरवत सेल्फ मार. लागली तर थंयच थांबव."

त्या काळ्या टोपीच्या खालच्या अख्ख्या भागाला डिस्ट्रिब्युटर म्हणतात. तो फिरवला की ठिणगी पडायची वेळ बदलते, तेच टायमिंग. काकांनी नट सैल केला आणि डबा उघडताना झाकण फिरवतात तसा तो इकडे तिकडे फिरवत बसले. मी किल्लीवर. थोडं डावीकडे, फट्. थोडं उजवीकडे, काहीच नाही. गाडीची बॅटरी उतरली, वॉचमनने दुसऱ्याच्या गाडीवरून चार्ज करून दिली, ती परत उतरली. संध्याकाळी काका म्हणाले, "आता आधी कुठे होता तेही लक्षात नाही." आणि खाली ठेवलेल्या स्टुलावर बसले. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याला काळे हात पुसलेले होते. मी तो सदरा भिजत घातला आणि घरी गेले.

शनिवारी ते खाली गेलेच नाहीत, गाडीची बॅटरी तेवढी वॉचमनकडून चार्जिंगला लावून घेतली. जेवायच्या टेबलावर गाडीचं जाडं इंग्रजी पुस्तक उघडून बसले होते. मी आमटीची वाटी ठेवायला गेले तर उघड्या पानावर चित्र होतं. इंजिन वरून बघितलेलं, चार गोल, आणि बाजूला ती टोपी. टोपीतून चार रेघा चार गोलांकडे गेल्या होत्या. त्या रेघा एकमेकींना ओलांडून गेल्या होत्या. अगदी तशाच, मी उपटायच्या आधी होत्या तशा.

मला इंग्रजी वाचता येत नाही. मी चौथीपर्यंत शिकले, तेही गावाला. पण आकडे येतात. टोपीच्या भोवती भोकांना आकडे घातले होते, एक, तीन, चार, दोन. मी वाटी हातात धरून तिथेच उभी राहिले. मला वाटलं छापणाऱ्याची चूक आहे. मग वाटलं, विलायतेच्या पुस्तकात चूक आणि मी बरोबर, असं कसं होईल?

"काय झालं?" काका म्हणाले.

"आमटी," मी म्हटलं, आणि वाटी ठेवून आत आले.

माझं काम जाईल याची भीती नव्हती. ती माणसं तशी नाहीत. पण काका मला म्हणाले होते, नुसतं पुसलंस ना, आणि मी हो म्हटलं होतं. तीन दिवस त्या माणसाने शॉक खाल्ला, तवा जाळला, मिस्त्रींना डोंगर चढायला लावला, आणि मी बॅटरी धरून उभी. आता सांगायचं म्हणजे सगळे माझ्याकडे बघणार. त्या बघण्याची मला भीती. लहानपणी शाळेत उत्तर येत असूनही मी हात वर केला नाही कधी. शनिवारी मी न सांगताच घरी गेले. आमच्या घरी त्या दिवशी मी भातात दोनदा मीठ घातलं.

रविवारी माझं काम साडेनऊला असतं. मी नऊलाच गेले. काकू चहा करत होत्या. मी ओट्याशी उभी राहिले, पातेली पुसायला लागले, आणि पातेल्याकडे बघतच बोलले.

"काकू, त्या वायरी मी काढल्या होत्या."

"कुठल्या वायरी?"

"टोपीच्या. पुसायला. मग परत ओळीने लावल्या. पुस्तकात तशा नाहीत."

काकूंना समजायला थोडा वेळ लागला. मग त्या हसायलाच लागल्या. एवढ्या हसल्या की गाळणं हातातून सिंकमध्ये पडलं. "अगं बाई! म्हणजे गेले तीन दिवस... आणि तो तवा... आणि माझं केसांचं मशीन!"

"तुम्ही सांगाल का काकांना?"

"मी? मुळीच नाही. मला हसू आवरणार नाही आणि ते चिडतील. तूच सांग. जा, अजून वेळ आहे."

काका बाल्कनीत होते, पेपर उलटा का सुलटा ते न बघता धरलेला. मी दारात जाऊन उभी राहिले आणि काकूंना सांगितलेली तीच वाक्यं परत सांगितली. जुळवलेली होती म्हणून बरं.

काकांनी पेपर खाली ठेवला. माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "सगळ्या चारही?"

"हो. मधली नाही."

"आणि ओळीने लावल्यास. एक, दोन, तीन, चार."

"हो."

"अगं, इंजिन ओळीने पेटत नाही! एकानंतर तीन, मग चार, मग दोन." आणि मग स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. "कालपासून ते पान माझ्यापुढे उघडं आहे. हात कोण लावतंय म्हणे! चल, चल खाली."

चिडायचं राहूनच गेलं त्यांचं. जिने उतरतानाही ते मला समजावत होते. "ओळीने पेटली तर सगळा धक्का एकाच बाजूला जाईल, कळलं का? वाटून द्यावा लागतो." मला थोडं कळलं. पंगतीत एकाच टोकाकडून वाढत गेलं तर दुसरं टोक ताटकळतं, तसं काहीतरी असावं.

खाली त्यांनी पुस्तक बॉनेटखाली उघडून धरायला दिलं आणि वायरी काढून पुस्तकाप्रमाणे लावल्या. परत तो गुंता झाला. मी पुस्तक धरून ठेवलं. मग काका बसले, किल्ली फिरवली.

फट्! आणि या वेळी पुढून. पेट्रोल आणि हवा जिथे मिसळतात त्या कार्ब्युरेटरच्या तोंडातून ज्वाळेची जीभ निघाली आणि विझली.

काकांचा चेहरा उतरला. सव्वादहा वाजले होते. त्यांनी मिस्त्रींना फोन लावला. लागला नाही. परत लावला. "रविवारचा कुठला चढतोय तो सड्यावर," काका म्हणाले. "आता टायमिंग. शुक्रवारी मी फिरवून ठेवलाय ना तो. आधी कुठे होता ते मला कुठे ठाऊक आहे! अंदाजाने फिरवत बसलो तर दुपार होईल, आणि बॅटरी त्याआधीच बसेल."

मी वाकून बघत होते. डिस्ट्रिब्युटरच्या बाजूला एक पत्र्याची चपटी डबी बाहेर आलेली आहे, टोपणासारखी. शुक्रवारी काका फिरवत होते तेव्हा तीही सोबत फिरत होती. तिच्या शेजारी, चकचकीत इंजिनावर, एक काळा तेलकट डाग होता. हातभर जागेत तेवढाच.

असा डाग मी ठेवत नाही. जिथे हात पोचतो तिथे मी डाग ठेवत नाही. मला एकदम आठवलं, बुधवारी त्या डबीखाली माझं बोट जात नव्हतं. ब्रशसुद्धा गेला नाही. म्हणजे बुधवारी तो डाग डबीच्या खाली होता.

फळीवरून डबा सरकवला की खाली गोल राहतो. डबा परत ठेवायचा असेल तर गोलावर ठेवायचा. यात मोठं काय आहे? पण काका नटाकडे बघत होते, पुस्तकाकडे बघत होते, घड्याळाकडे बघत होते. डागाकडे बघायची सवय त्यांना कशाला असेल!

या वेळी मी वाक्य जुळवलं नाही.

"ही डबी या काळ्याच्या वर होती," मी बोट ठेवून म्हटलं.

"कशावरून?"

"मला तिथलं पुसता आलं नव्हतं."

काका एकदा डागाकडे बघत, एकदा माझ्याकडे. मग गुडघ्यावर बसले, नट सैल केला आणि डिस्ट्रिब्युटर हळूहळू फिरवायला लागले. "सांग."

"अजून. अजून थोडं. नको, जास्त झालं. मागे. बस, बस!"

डाग डबीखाली पूर्ण झाकला गेला. काकांनी नट आवळला. आता किल्लीवर मी होते. काका उभे राहिले, डोळे मिटले, म्हणाले, "मार सेल्फ."

खर्र, खर्र, आणि गाडी लागली. फट् नाही, खाकरणं नाही. एकदम भरलेला, घुमणारा आवाज, सगळ्या पार्किंगमध्ये. माझ्या पायाखालची गाडी थरथरायला लागली आणि मी घाबरून हात वर केले, जसं काही मीच काहीतरी मोडलंय.

"हात वर कशाला करतेस!" काका ओरडत होते आणि हसत होते. "बंद नको करूस! झकास! काय आवाज आहे बघ!"

वर गॅलरीत काकू आल्या, अंगावर गाऊन, डोक्याला तेल चोपडलेलं. आणखी चार दारं उघडली. अकराला पाच कमी असताना सेक्रेटरी दोन कमिटीवाल्यांना घेऊन आले, हातात यादी आणि पेन.

"अरे, लागली!" ते म्हणाले. खरोखर खूश झाले ते, तोंडावर दिसत होतं. पण नियम म्हणजे नियम. "काका, एक फेरी मारून दाखवा ना. जागेवर घरघर केली तर बी विंगवाले म्हणतील चालत नाही, नुसती ओरडते."

काका वर बघून ओरडले, "अहो, येताय का?"

"या अवतारात? तिला घेऊन जा!" काकूंनी वरून बोट दाखवलं. ते माझ्याकडे होतं.

मी नको म्हणायच्या बेतात होते. काका म्हणाले, "बस गं लवकर, बंद पडली तर परत डाग कोण शोधणार?" मी पलीकडच्या बाजूला बसले. बसले म्हणजे काय, आडवीच झाले. त्या गाडीत पाय सरळ पुढे पसरावे लागतात. छप्पर उघडलेलं. काकांनी गाडी जागेवरून काढली.

बिल्डिंगच्या फेरीत प्रत्येक गॅलरीत माणसं. टाळ्या वाजवत होती. मी पदर डोक्यावरून ओढून नाकापर्यंत आणला आणि पायाच्या बोटांकडे बघत बसले. एक मुलगी वरून ओरडली, "काका, नवरी कुठून आणलीत?" सगळे हसले. काकूंचं हसू त्यात सगळ्यांत मोठं होतं. सेक्रेटरी फाटकाजवळ उभे होते. त्यांनी यादीवर टिक केलेली मी पदराआडून बघितली.

तिथून वळून आत यायचं होतं. काका वळले नाहीत. वॉचमनने सवयीने फाटक उघडलं आणि आम्ही बाहेर.

"काका! फेरी झाली!" मागून सेक्रेटरी ओरडले.

"बॅटरी चार्ज व्हायला नको?" काकांनी मागे न बघता हात हलवला.

नाक्यावर सिग्नल लागला. शेजारी रिक्षा येऊन थांबली. तिच्या सीटपेक्षा आमचं सीट एवढं खाली की रिक्षावाला वरून आमच्या मांडीत बघत होता. मला जमिनीत जावंसं वाटलं, आणि जमीन एक वीतच खाली होती.

"क्या गाडी है अंकल! पुरानी है?"

"बहुत पुरानी. तीन दिन से बंद थी."

"क्या खराबी थी?"

काकांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मग माझ्याकडे मान वळवली. "इनको पूछो. चालू इन्होंने की."

रिक्षावाला माझ्याकडे बघायला लागला. त्याच्या मागे बसलेली बाई पण वाकून बघायला लागली. पलीकडचा स्कूटरवाला पण. सिग्नलचे आकडे उलटे जात होते, चाळीस, एकोणचाळीस. एवढा वेळ गप्प बसणंसुद्धा अवघडच होतं. मी पदर थोडा मागे सारला. माझी हिंदी बाजारातली आहे, पण त्यालाही तेवढीच येत असावी.

"दसरा था ना," मी म्हटलं. "तो मैंने सोचा, अंदर से भी पुसती हूँ. उधर एक काली टोपी है. उसमें चार वायर थे, सब एक के ऊपर एक. मेरे को गुंता अच्छा नहीं लगता. तो मैंने सब निकाल दिए..."

"सब निकाल दिए?" मागची बाई म्हणाली.

"सब. और लाइन से लगाए."

"लाइन से तो अच्छा ही है ना," रिक्षावाला म्हणाला.

"मेरे को भी वही लगा!" मी म्हटलं. मला एवढं बरं वाटलं त्याच्या बोलण्याचं. "लेकिन इंजिन का..."

तेवढ्यात दिवा हिरवा झाला. मागून हॉर्न वाजले. रिक्षा सरळ गेली, काकांनी गाडी डावीकडे घेतली. ती बाई रिक्षातून वळून बघत हात करत होती, पुढे काय झालं म्हणून. सांगायला वेळ मिळाला नाही. तिच्या लेखी मी वायरी उपटणारीच राहिले.